डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलरचा आवाज स्वतःच्या कानांनी कसा पारखावा

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राला किंवा सॉफ्टवेअरला मॉडेलर म्हणतात. गिटारवादकांमध्ये या डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलिंगचा विषय निघाला की मते दोन टोकांना जातात. एकाला मॉडेलरचा आवाज पातळ, कोरडा आणि ट्रेबलमध्ये चरचरणारा वाटतो, तर दुसरा त्याच मॉडेलरवर केलेले रेकॉर्डिंग ऐकवून यात खरा ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा पारंपरिक अ‍ॅम्प) कोणता ते ओळखून दाखवा, असे सांगतो. दोघेही मनापासून बोलत असतात आणि बहुतेक वेळा दोघांनी जे ऐकले ते खरेच असते, कारण दोघांनी एकच गोष्ट ऐकलेली नसते. पिकअप (तारांचे कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारा गिटारवरचा भाग), केबल, इनपुट, अ‍ॅम्पचे मॉडेल, कॅबिनेटचे (स्पीकरच्या पेटीचे) मॉडेल, हेडफोन किंवा स्पीकर आणि ऐकण्याची पातळी अशा साखळीतून आवाज कानापर्यंत येतो आणि अ‍ॅम्पचे मॉडेल हा त्यातला फक्त एक दुवा असतो. म्हणून दुसऱ्याचे मत वाचताना ते कोणत्या साखळीतून आले हे आधी पाहावे आणि स्वतःचे मत बनवताना तीच साखळी एकेक दुवा धरून तपासावी. ती कशी तपासायची ते पुढे सांगितले आहे.

मत कधीचे आणि कशाबद्दलचे

रोलंडचा व्हीजी-८ हा मॉडेलर १९९५ मध्ये आला आणि लाइन ६ कंपनीचा लाल रंगाचा पॉड १९९८ मध्ये. पॉडमुळे मॉडेलिंग घराघरांत पोचले आणि ‘डिजिटल म्हणजे कृत्रिम’ हा ग्रहही बराचसा त्याच काळातला आहे. त्या वेळच्या प्रोसेसरची ताकद मर्यादित होती आणि कॅबिनेटची नक्कल बरीच ढोबळ असे. पुढे फ्रॅक्टल ऑडिओचा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ मध्ये जाहीर झालेला केम्पर, लाइन ६ चाच २०१५ चा हीलिक्स आणि त्यानंतर न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स असा प्रवास झाला. वीस वर्षांपूर्वीच्या पेटीवरून बनलेले मत आजच्या पेटीला लावणे योग्य नाही, त्यामुळे मत मांडणाऱ्याने यंत्राचे नाव सांगितले आहे का, हे पहिल्यांदा पाहावे.

दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. काही मॉडेलर अ‍ॅम्पच्या सर्किटचे गणित मांडतात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पची (सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या टप्प्याची) ट्यूब, टोन स्टॅक (बास-मिड-ट्रेबलचे सर्किट), आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय कसे वागतात हे क्षणोक्षणी मोजत राहतात. त्यामुळे त्यातला गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) किंवा ट्रेबल फिरवला की तो मूळ अ‍ॅम्पच्या बटणासारखा परिणाम करेल अशी अपेक्षा ठेवता येते. केम्परचे प्रोफाइल, क्वाड कॉर्टेक्सचे कॅप्चर किंवा स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध करून दिलेल्या न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरची मॉडेले यांचा मार्ग वेगळा आहे. तिथे एका विशिष्ट अ‍ॅम्पवर, बटणे एका विशिष्ट जागी ठेवून, ठरावीक सिग्नल पाठवला जातो आणि त्या अवस्थेचा ठसा घेतला जातो. हा ठसा कमालीचा हुबेहूब असू शकतो, पण सहसा तो त्याच अवस्थेचा असतो. क्लीन (न फाटलेल्या) आवाजाचा ठसा घेऊन त्याचा गेन पूर्ण वाढवायचा आणि मग तो मार्शलच्या जोरदार फाटणाऱ्या अ‍ॅम्पसारखा का वाजत नाही असे विचारायचे, ही तक्रार रास्त नाही. ठसा वापरायचा असेल तर हव्या त्या गेनचा वेगळा ठसा शोधावा.

समोरचा अ‍ॅम्प आणि माइकमधून आलेला अ‍ॅम्प

बहुतेक वादाचे मूळ मला इथे दिसते, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. ट्यूब अ‍ॅम्पच्या कॅबिनेटमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो आणि त्याच्या ट्रेबलचा झोत अरुंद असतो. कॅबिनेट जमिनीवर असते आणि वादक त्याच्या बाजूला किंवा वर उभा असतो. त्याच्या कानावर त्या झोताच्या कडेचा, मऊ झालेला आवाज येतो, त्यात खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो आणि खालचे स्वर पायांनाही जाणवतात. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र शुअरचा एसएम ५७ माइक स्पीकरच्या कापडापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर असतो आणि तो जे पकडतो ते वादकाने खोलीत कधीच ऐकलेले नसते.

मॉडेलरमधून हेडफोनवर जे ऐकू येते तो हा दुसऱ्या प्रकारचा आवाज असतो. कॅबिनेट, स्पीकर, माइक आणि माइकची जागा या सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये साठवलेला असतो आणि गिटारवादक तिला सरळ ‘आयआर’ म्हणतात. ‘मॉडेलरमध्ये खोलीतल्या अ‍ॅम्पचा भरीवपणा नाही’ हे मत म्हणूनच अनेकदा अचूक असते, मात्र तो दोष अ‍ॅम्पच्या मॉडेलचा नसतो. खऱ्या अ‍ॅम्पला माइक लावून तोच आवाज शेजारच्या खोलीत हेडफोनवर ऐकला तर तोही तसाच जवळचा आणि कोरडा वाटतो.

हे पडताळून पाहण्याचा सोपा मार्ग आहे. मॉडेलरमधले कॅबिनेट मॉडेल किंवा आयआर बंद करावे आणि मॉडेलरचे आउटपुट एखाद्या पॉवर अ‍ॅम्पमधून (स्पीकर चालवण्याइतका सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्यातून) खऱ्या गिटार कॅबिनेटला द्यावे. पॉवर अ‍ॅम्प नसेल तर कॉम्बो अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या) मागच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये, म्हणजे थेट पॉवर अ‍ॅम्पकडे नेणाऱ्या इनपुटमध्ये, केबल लावावी, पुढच्या इनपुटमध्ये लावू नये, कारण पुढच्या इनपुटमधून गेल्यास मॉडेलच्या प्रीअ‍ॅम्पवर कॉम्बोचा प्रीअ‍ॅम्प चढतो आणि आवाज घुसमटतो. आयआर चालू ठेवून गिटार कॅबिनेटमधून वाजवले तर एका स्पीकरवर दुसऱ्या स्पीकरचा रंग चढून सगळे दबलेले वाटते. उलट आयआर बंद ठेवून थेट मिक्सरला दिले तर डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) मधमाश्यांच्या पोळ्यासारखे भणभणते. वाईट आवाजाच्या तक्रारींमधला मोठा हिस्सा या दोन चुकीच्या जोडण्यांतून येतो. फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर मालिकेत डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब यांची डिजिटल रूपे काढली तेव्हा खरे बारा इंची स्पीकर आणि लाकडी कॅबिनेट कायम ठेवले, आणि त्यांबद्दल वादकांची मते बरीच वेगळ्या सुराची दिसतात, त्यामागेही हेच कारण असावे.

ज्याला खोलीतला अ‍ॅम्पच हवा आहे त्याने मॉडेलरसोबत कॅबिनेटचा खर्च धरावा. ज्याला रेकॉर्डिंगमध्ये किंवा पीएवर (सभागृहाच्या ध्वनिवर्धकांवर) ऐकू येणारा आवाज हवा आहे त्याला आजचा चांगला मॉडेलर निराश करणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिटारपासून इनपुटपर्यंत

संगणकावर प्लगइन (सॉफ्टवेअर मॉडेलर) वापरत असाल तर ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) इनपुटवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेले बटण दाबलेले असावे. ट्यूब अ‍ॅम्पच्या इनपुटचा अवरोध साधारण दहा लाख ओहम असतो आणि गिटारचे पॅसिव्ह पिकअप त्याच हिशेबाने बनलेले असतात. तीच गिटार लाइन इनपुटमध्ये लावली तर पिकअपवर भार पडतो, वरचे स्वर मरतात आणि मग कोणतेही मॉडेल लावले तरी आवाजात जीव येत नाही.

त्यानंतर पातळी ठरवावी. ब्रिज पिकअप निवडून सगळ्या तारांवर जोरात स्ट्रम करावा आणि इंटरफेसचा लाल दिवा एकदाही लागणार नाही इतका गेन ठेवावा. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये गिटारचा सिग्नल जितका मोठा तितके डिस्टॉर्शन लवकर सुरू होते आणि प्लगइनमध्येही तसेच घडते. इंटरफेसचा गेन जास्त असेल तर क्लीन मॉडेलही फाटते, कमी असेल तर हाय-गेन मॉडेल मवाळ वाटते. प्लगइनच्या माहितीपत्रकात अपेक्षित पातळी दिलेली असेल तर तीच पाळावी.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींमध्ये आणखी एक गोष्ट तपासणे गरजेचे असते. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्यातली अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. तसे असेल तर पन्नास हर्ट्झची आणि तिच्या पटीतली गुणगुण सिग्नलमध्ये शिरते आणि हाय-गेन मॉडेल तिला कित्येक पटींनी वाढवते. तारांवर हात ठेवल्यावर गुणगुण कमी होत असेल तर आधी गिटारचे शिल्डिंग आणि घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे आणि नॉइज गेटचा (शांततेतली गुणगुण बंद करणाऱ्या इफेक्टचा) विचार त्यानंतर करावा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहिल्यास दोष चार्जरचा आहे का, हे लगेच कळते.

पातळी सारखी केल्याशिवाय तुलना करू नये

दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तो कानाला अधिक भरीव आणि अधिक स्पष्ट वाटतो. एक डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून सहसा जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. त्यामुळे दुकानात किंवा मित्राच्या घरी एका प्रीसेटवरून (जतन केलेल्या सेटिंगवरून) दुसऱ्यावर उड्या मारत बनवलेल्या मताला फारसा आधार नसतो. फॅक्टरी प्रीसेट तर ऐकताक्षणी छाप पाडण्यासाठी रिव्हर्ब आणि डिले (घुमारा आणि प्रतिध्वनी) लावून सजवलेले असतात. तुलनेसाठी नेहमी रिकामा प्रीसेट घ्यावा, त्यात फक्त एक अ‍ॅम्प आणि एक आयआर ठेवावे, आणि बाकी सगळे बंद करावे.

नीट तुलना करायची तर गिटारचा कोरडा, म्हणजे अ‍ॅम्प किंवा मॉडेलरमधून न गेलेला, सिग्नल एकदा रेकॉर्ड करावा. त्यात थोडे क्लीन कॉर्ड, थोडे पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले), एक लांब बेंड (तार ताणून चढवलेला स्वर) आणि हळू-जोरात वाजवलेली एकच ओळ असावी. हाच सिग्नल एका बाजूला मॉडेलरमधून आणि दुसऱ्या बाजूला रीअ‍ॅम्प बॉक्समार्फत (रेकॉर्ड केलेला सिग्नल पुन्हा गिटारच्या पातळीवर आणणाऱ्या पेटीमार्फत) खऱ्या अ‍ॅम्पमधून पाठवावा. खऱ्या अ‍ॅम्पला कॅबिनेटऐवजी लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची ताकद झेलणारी पेटी) लावून त्याच्या लाइन आउटवर तेच आयआर वापरता आले तर उत्तम, कारण मग फरक उरतो तो केवळ अ‍ॅम्पचा. लोड बॉक्स मात्र अ‍ॅम्पच्या ओहमशी आणि वॅटशी जुळणारा असावा. ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन्ही रेकॉर्डिंग लाउडनेस मीटरवर सारख्या पातळीवर आणावीत आणि मग दुसऱ्या कोणाला तरी नावे लपवून, क्रम बदलून ऐकवायला सांगावे. सोळा वेळा ऐकून बारा किंवा अधिक वेळा बरोबर ओळखता आले तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला हरकत नाही, कारण निव्वळ अंदाजाने इतके यश मिळण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. खरा अ‍ॅम्प हाताशी नसला तरी दोन मॉडेलर किंवा दोन प्लगइन याच पद्धतीने पारखता येतात.

ऐकण्याची पातळीही ठरवून घ्यावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला बास फार कमी ऐकू येतो आणि वरचे स्वरही काहीसे मागे पडतात. रात्री हळू आवाजात प्रीसेट बनवताना वादक नकळत बास आणि ट्रेबल वाढवतो, मिड खाली आणतो, आणि तोच प्रीसेट स्टेजवर गुरगुरतो, कानाला टोचतो आणि बँडमध्ये हरवतो. शक्य असेल तर अंतिम जुळवणी तालमीच्या खोलीत, मोठ्या पातळीवर आणि थोड्या थोड्या वेळाने करावी, म्हणजे कानही शाबूत राहतात. घरी हे जमणे कठीण आहे हे खरे. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बावीस वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प गोड फाटू लागतो तेव्हा तो एका मीटरवर शंभर डेसिबल सहज ओलांडतो. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या वादकांना मॉडेलर जवळचा वाटतो यात म्हणूनच नवल नाही.

चरचर कुठून येते

‘डिजिटल चरचर’ ही सर्वांत जुनी तक्रार आहे आणि तिची किमान दोन वेगळी कारणे आहेत. पहिले कारण आयआर किंवा त्यातली माइकची जागा. माइक स्पीकरच्या मधोमध, डस्ट कॅपसमोर असेल तर आवाज टोकदार आणि चरचरीत येतो. तोच कॅपच्या कडेला सरकवला की कडा मऊ होते, आणि शंकूच्या बाहेरच्या भागाकडे नेला की आवाज जाड, काळसर होतो. मॉडेलरमध्ये माइक सरकवण्याची सोय असेल तर एकच कॉर्ड वाजत ठेवून तो मध्यापासून कडेकडे हळूहळू न्यावा आणि चरचर कोणत्या जागी विरते ते ऐकावे. इक्वलायझरची बटणे फिरवत बसण्यापेक्षा यातून पुष्कळ अधिक साधते. एवढ्यावर भागले नाही तर हाय-कट (वरचे स्वर कापणारा फिल्टर) सहा ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान लावावा. पूर्ण पट्ट्याचे स्पीकर आणि हेडफोन गिटार स्पीकरपेक्षा कितीतरी वरचे स्वर ऐकवतात, त्यामुळे हा कट लावण्यात आवाजाशी काही तडजोड होत नाही.

दुसरे कारण खरोखर डिजिटल आहे आणि ते ओळखायला शिकणे उपयोगाचे आहे. डिस्टॉर्शनमुळे मूळ स्वराच्या पटीतले अनेक हार्मोनिक तयार होतात. यंत्राचा सॅम्पलिंग दर, म्हणजे सेकंदाला सिग्नलची किती मोजमापे घेतली जातात तो आकडा, ४८ हजार असेल तर २४ हजार हर्ट्झच्या वरचे हार्मोनिक त्यात मावत नाहीत आणि दुमडून खाली, भलत्याच जागी येतात. याला अलिआसिंग म्हणतात. पहिल्या तारेच्या बाविसाव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे ११७५ हर्ट्झचा असतो. त्याचा पंचविसावा हार्मोनिक सुमारे २९,४०० वर जातो आणि दुमडून १८,६०० वर दिसतो. तीच तार एक पूर्ण स्वर वर बेंड केली की तो हार्मोनिक ३३ हजारांच्या आसपास चढतो, पण त्याचे दुमडलेले रूप १५ हजारांवर उतरते. म्हणजे बेंड वर जात असताना पार्श्वभूमीत एखादी बारीक शिट्टी खाली येताना ऐकू आली तर ते अलिआसिंग होय. गेन भरपूर ठेवून, हाय-कट काढून, शेवटच्या फ्रेटांवर हळू बेंड घेत ही चाचणी करावी. चांगले मॉडेलर आतल्या आत सॅम्पलिंगचा दर कित्येक पटींनी वाढवून हा दोष कानाआड करतात. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगची निवड असेल तर ती वाढवून तीच चाचणी पुन्हा करावी. फरक पडला नाही तर चरचर पुन्हा आयआरमध्ये शोधावी.

हाताला जाणवणारा फरक

‘ऐकायला ठीक आहे, पण हाताला तसा लागत नाही’ हे मत रेकॉर्डिंग ऐकून खोडता येत नाही, ते वाजवूनच तपासावे लागते. पहिली शंका उशिराची. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला एरवीही सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. स्वतंत्र मॉडेलरचा उशीर यापेक्षा सहसा बराच कमी असतो. संगणकावर मात्र बफर (एका वेळी प्रक्रियेसाठी साठवलेल्या सॅम्पलचा गठ्ठा) पाहावा लागतो. ४८ हजार दराने ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद आणि २५६ चा म्हणजे ५.३, हा उशीर आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा मोजावा लागतो आणि त्यावर कन्व्हर्टरचा वेळ चढतो. गिटार वाजवताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नयेत, कारण त्यांचा उशीर इतका असतो की पिक आणि आवाज यांची फारकत होते.

दुसरी आणि खरी कसोटी डायनॅमिक्सची, म्हणजे हळू-जोरात वाजवण्याला आवाज कसा प्रतिसाद देतो याची, आहे. मेटल वाजवणारे वादक मॉडेलरवर लवकर समाधानी होतात, कारण पूर्ण गेनवर सिग्नल आधीच दाबलेला असतो. ब्लूज वाजवणाऱ्यांच्या शंका जास्त असतात आणि त्या अनाठायी नाहीत, कारण क्लीन आणि डिस्टॉर्शन यांच्या सीमेवर ट्यूब अ‍ॅम्प सर्वांत जिवंत असतो आणि मॉडेलची परीक्षाही तिथेच लागते. फेंडर डिलक्स रिव्हर्ब किंवा व्हॉक्स एसी ३० या अ‍ॅम्पचे मॉडेल घ्यावे आणि जोरात पिक केल्यावर जेमतेम फाटेल, बोटांनी वाजवल्यावर स्वच्छ राहील इतपत गेन ठेवावा. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर, सातवरून चारवर आणत तीच ओळ वाजवावी. डिस्टॉर्शन सलगपणे विरत गेले पाहिजे. मध्येच एखाद्या पायरीवर एकदम नाहीसे होता कामा नये. त्यानंतर एक भरगच्च कॉर्ड जोरात मारून सोडून द्यावा. ट्यूब रेक्टिफायर (एसी विजेचे डीसीत रूपांतर करणारी ट्यूब) असलेल्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर सप्लाय क्षणभर दबतो, कॉर्ड किंचित आत जातो आणि पुन्हा फुलून येतो. हे फुलणे मॉडेलमध्ये जाणवते का ते पाहावे. मॉडेलमध्ये ‘सॅग’ नावाचे बटण असेल तर ते याच गोष्टीचे असते आणि ते शून्यावर व पूर्ण अशा दोन्ही टोकांना नेऊन हाताला काय फरक पडतो हे समजून घ्यावे.

बँडमध्ये

एकट्याने वाजवताना श्रीमंत वाटणारा प्रीसेट बँडमध्ये जागा सोडत नाही. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे काढून टाकावे, ती जागा बास गिटार आणि किक ड्रमची आहे. गेन घरच्यापेक्षा थोडा कमी आणि मिड थोडा जास्त ठेवावा. कॉलेजच्या महोत्सवांत किंवा छोट्या सभागृहांत मॉडेलर थेट मिक्सरला जातो, तेव्हा साउंडवाल्याला आधीच सांगावे की हा कॅबिनेटसह तयार सिग्नल आहे, गिटारचा कोरडा सिग्नल नाही, आणि चॅनेलचा इक्वलायझर सपाट ठेवून सुरुवात करावी. मॉनिटर पुरेसा नसेल तर मॉडेलरच्या दुसऱ्या आउटपुटवरून, आयआर बंद करून, स्वतःच्या कॅबिनेटला सिग्नल द्यावा आणि पहिले आउटपुट आयआरसह मिक्सरलाच राहू द्यावे. बऱ्याच मॉडेलरमध्ये ही दोन आउटपुटे वेगवेगळी ठरवता येतात. साउंड चेकच्या वेळी एकट्या गिटारवर वेळ न घालवता पूर्ण बँडला एक गाणे वाजवायला सांगावे, समोर प्रेक्षकांच्या जागी उभे राहून ऐकावे, आणि बदल करायचाच असेल तर प्रीसेटची प्रत काढून त्या सभागृहाच्या नावाने वेगळी जतन करावी.